सात्म्य आणि सत्त्व : रुग्णपत्रिकेवरील दोन रिकामे रकाने

महाविद्यालयात असताना चरकसंहितेच्या विमानस्थानातील दशविध परीक्षा आपणा सर्वांना मुखोद्गत होती. प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय. आतुरालयातील प्रशिक्षणकाळात या दहाही रकान्यांत काहीतरी लिहिल्याशिवाय अध्यापक रुग्णपत्रिकेवर स्वाक्षरी करीत नसत. पुढे स्वतःचे चिकित्सालय सुरू झाले, दारातील चपलांची संख्या वाढली आणि दहांपैकी वय आणि प्रकृती एवढेच रकाने शिल्लक राहिले. सात्म्य आणि सत्त्व यांना तर बहुतेकांच्या केसपेपरवर जागाच उरलेली नाही.

प्रौढांमधील अवधान-न्यूनतेचा विकार, म्हणजे आधुनिक वैद्यकात ज्याला एडीएचडी म्हणतात तो, आणि अफूवर्गीय द्रव्यांचे व्यसन हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हे दोन्ही विकार एकाच रुग्णात असतात तेव्हा आपल्या नजरेतून ते का निसटतात, याचे उत्तर मला या दोन रिकाम्या रकान्यांत सापडले. ते स्वतःच्या चुकीतून सापडले, म्हणून प्रथम ती चूक सांगणे क्रमप्राप्त आहे.

काही वर्षांपूर्वी पस्तिशीतील एक वाहनचालक माझ्याकडे आला. आंब्याच्या हंगामात पेट्या घेऊन वाशीला आणि एरवी मासळी घेऊन आंबा घाटाने कोल्हापूरला, अशा त्याच्या रात्रीच्या फेऱ्या असत. जुलै महिना होता. आंबा संपलेला, मासेमारी बंद, गाडी दारात उभी. तीन दिवस द्रवमलप्रवृत्ती, पोटात मुरडा, नाकाडोळ्यांतून पाणी, सारख्या जांभया, अंगावर काटा, पायांत गोळे आणि झोप अजिबात नाही, अशा तक्रारी होत्या. वर्षाऋतू, अग्निमांद्य, दूषित पाणी, सर्व काही जुळत होते. मी अतिसार आणि प्रतिश्याय असे निदान करून कर्पूर रस दिला. दुसऱ्या दिवशी रुग्ण हसत आला. जुलाब थांबले होते, सर्दी गेली होती, रात्री गाढ झोप लागली होती. कर्पूर रसाने प्रतिश्याय आणि अनिद्राही एका रात्रीत जावी याचे मला आश्चर्य वाटावयास हवे होते. मला अभिमान वाटला.

त्यानंतर तो दर चार-पाच दिवसांनी त्याच गोळ्यांसाठी येऊ लागला. महिनाभराने त्याच्या थोरल्या भावाने गाडीत सापडलेली डबी माझ्यासमोर ठेवली. ती कामिनी विद्रावण रसाची होती. सोबतच्या चालकांकडून मिळणाऱ्या या गोळ्या तो तीन वर्षे घेत होता. आरंभी रात्री जागण्यासाठी एक, पुढे दिवसाला आठ-दहा. पावसाळ्यात गाडी थांबली, पुरवठा तुटला आणि तो माझ्याकडे आला. मी ज्याला अतिसार समजलो ती अफू अचानक बंद झाल्याची लक्षणे होती, आणि मी त्यावर दिलेल्या कर्पूर रसातही अफूच होती. रोगाचे कारण मी औषध म्हणून पुन्हा हातात ठेवले होते. "आयुर्वेदिकच आहेत, म्हणून सांगितले नाही," असे रुग्ण म्हणाला. मीही विचारले नव्हते. सात्म्याचा रकाना भरला असता, म्हणजे या शरीराला कशाची सवय झाली आहे एवढा एकच प्रश्न विचारला असता, तर हे पहिल्याच दिवशी उघड झाले असते.

येथे अहिफेनाविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्या व्यवसायात याविषयी एक हळवेपणा आहे. अहिफेन बृहत्त्रयीत नाही. ते मध्ययुगात आपल्या चिकित्सेत आले. शार्ङ्गधराने भांगेच्या जोडीने व्यवायी द्रव्याचे उदाहरण म्हणून त्याचा निर्देश केला आहे, आणि रसग्रंथांनी त्याची गणना उपविषांत केली आहे. म्हणजे हे द्रव्य विषवर्गातील आहे हे आपल्या आचार्यांनीच सांगून ठेवले आहे. आर्द्रकस्वरसाच्या भावना देऊन त्याचे शोधन होते हे खरे. परंतु शोधनाने त्यातील मॉर्फिन नाहीसे होत नाही. ते नाहीसे झाले असते तर कर्पूर रसाने अतिसार थांबला नसता आणि निद्रोदय रसाने झोप आली नसती. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ परिशिष्टात धत्तूर, वत्सनाभ, भांग यांच्यासह अहिफेनाचाही समावेश आहे, आणि अशा औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. ती सूचना वाचून किती दुकानदार गिऱ्हाइकाकडे चिठ्ठी मागतात, हे ज्याचे त्याने स्वतःला विचारावे. कामिनी विद्रावण रसावर अवलंबून झालेल्या रुग्णांची नोंद ऑस्ट्रेलियातील वैद्यकांनी त्यांच्या नियतकालिकांत केली आहे. त्यांच्यावर हेरॉइनच्या रुग्णांप्रमाणेच ब्युप्रेनॉर्फिनचे उपचार करावे लागले. आपल्या शास्त्राची परदेशात अशी ओळख व्हावी, ही खेदाची गोष्ट आहे.

हा प्रश्न केवळ आपल्या गोळ्यांपुरता नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्समार्फत केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार दहा ते पंचाहत्तर वयोगटातील सुमारे २.१ टक्के लोक अफूवर्गीय द्रव्यांचे सेवन करतात. त्यांत हेरॉइन १.१४ टक्के, वेदनाशामक औषधे ०.९६ टक्के आणि अफू ०.५२ टक्के असे प्रमाण आहे. औषधांच्या दुकानातून मिळणारी द्रव्ये हेरॉइनच्या जवळ जाऊन पोचली आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. २०१८ मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या संयुक्त गोळीचे उत्पादन व निर्यात केंद्राने थांबविली. आपल्यापैकी जे गुडघेदुखी-कंबरदुखीसाठी आधुनिक वेदनाशामके लिहितात त्यांनीही हा लेख आपल्यासाठी आहे असे समजावे.

आता विषयाचा दुसरा भाग. माझ्या रुग्णाला मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविले. ब्युप्रेनॉर्फिन सुरू झाले, अंगदुखी आणि तळमळ थांबली. सर्व सुरळीत होईल असे वाटले. परंतु तो भेटीच्या तारखा विसरे, औषधाचे कार्ड हरवी, एक दिवस गोळी दोनदा घेई आणि दुसऱ्या दिवशी घेतच नसे. दोनदा तो पुन्हा जुन्या गोळ्यांकडे वळला. भावाचे म्हणणे, हे सारे नाटक आहे, सोडायचेच नाही. मलाही मनातून तसेच वाटू लागले होते.

पुढे त्याची आई संधिवातासाठी माझ्याकडे आली असता सहज बोलणे निघाले. म्हातारी म्हणाली, "हा लहानपणापासून असाच, डॉक्टर. बाकावर कधी टेकला नाही. पाटी-दप्तर किती हरवली त्याला मोजदाद नाही. मास्तर त्याला घंटा वाजवायला पाठवायचे, म्हणजे तेवढा वेळ वर्गाला शांतता." पुढे सातवीनंतर शाळा सुटली. हॉटेल, वर्कशॉप, बागेतील राखण, बोटीवरचे काम, असे सहा-सात धंदे झाले. कोठेही वर्ष पुरे नाही. वाहन मात्र तो उत्तम चालवी, कारण रस्ता दर क्षणी बदलतो. मी हे सारे लिहून तज्ज्ञांकडे पाठविले. त्यांनी सविस्तर तपासणी करून सांगितले की या गृहस्थास व्यसनाच्या कितीतरी आधीपासून एडीएचडी आहे.

हा विकार केवळ मुलांचा, मोठेपणी आपोआप जाणारा, असा समज आपल्यात अजूनही दृढ आहे. वस्तुतः बाल्यात सुरू झालेला हा विकार अनेकांत आयुष्यभर राहतो. केवळ रूप बदलते. धावपळ कमी होते, पण आतली अस्वस्थता, विसराळूपणा, कामे अर्धवट सोडणे, विचार न करता बोलणे वा निर्णय घेणे हे टिकून राहते. सर्वसाधारण प्रौढांत त्याचे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास मानले जाते. व्यसनाच्या उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांत मात्र, अनेक अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, ते सुमारे २३ टक्के आहे. चार व्यसनी रुग्णांमागे जवळजवळ एक, असा याचा अर्थ.

हे दोन्ही विकार एकत्र का येतात? एक कारण उघड आहे. ज्याला थांबून परिणामाचा विचार करता येत नाही, तो 'एकदा घेऊन पाहू' या निमंत्रणास लवकर बळी पडतो. दुसरे कारण एडवर्ड खांट्झियन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९८५ मध्ये मांडले. माणूस आपल्या आतील त्रासाला जे द्रव्य शमविते त्याचीच निवड करतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा सिद्धान्त सर्वमान्य नाही; परंतु माझ्या रुग्णाने जे सांगितले ते त्याच्याशी जुळते. पहिल्या गोळीविषयी विचारले तेव्हा तो म्हणाला, "डोक्यात सतत बाजार भरलेला असायचा. त्या दिवशी पहिल्यांदा बाजार उठला." त्याला सुख नको होते, शांतता हवी होती. हे वाक्य ऐकल्यानंतर त्याला नाटकी म्हणणे मला शक्य झाले नाही.

आपल्या शास्त्राला ही अवस्था अपरिचित नाही. सूत्रस्थानातील महारोगाध्यायात वाताच्या ऐंशी नानात्मज विकारांत अस्वप्न आणि अनवस्थितचित्तत्व यांची गणना आहे. शारीरस्थानात मनाच्या कर्मांत इंद्रियांचे नियमन आणि स्वतःचा निग्रह ही दोन्ही सांगितली आहेत. त्याच स्थानात धी, धृती आणि स्मृती यांच्या विभ्रंशातून प्रज्ञापराध घडतो असे विवेचन आहे. अहितकर विषयाकडे धावणाऱ्या मनाला जी आवरते ती धृती. अवधान-न्यूनतेच्या रुग्णात नेमकी हीच शक्ती जन्मतः दुबळी असते. खेदाची बाब अशी की प्रज्ञापराध हा शब्द आपण व्यवहारात दोषारोपासाठी वापरतो. 'स्वतःच्या हाताने केले, भोगा' असा त्याचा अर्थ करतो. आचार्यांनी तो हेतू म्हणून सांगितला आहे. हेतू शोधावयाचा असतो, त्यासाठी रुग्णाची कानउघाडणी करावयाची नसते.

येथे काही वैद्य म्हणतील की हे तर वातप्रकृतीचे वर्णन झाले. चटकन आरंभ करणारा, चटकन क्षुब्ध होणारा, लवकर ग्रहण करणारा पण अल्पस्मृती, असा वातल पुरुष विमानस्थानात वर्णिलेलाच आहे. त्याला नवे इंग्रजी नाव कशास हवे? या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून तो अधिक धोकादायक आहे. प्रकृती म्हटले की आपण चिकित्सा थांबवितो, कारण प्रकृती बदलत नाही. वातल पुरुष चंचल असेल, पण तो संसार करतो, धंदा सांभाळतो, औषध वेळेवर घेतो. ज्याच्या चंचलतेमुळे शाळा सुटली, सहा धंदे मोडले आणि जीव धोक्यात आला, त्याच्या बाबतीत प्रकृती या शब्दाआड विकृती लपली आहे. दोहोंतील सीमा ठरविणे हेच सत्त्वपरीक्षेचे काम आहे, आणि तोच रकाना आपण रिकामा ठेवतो.

उलट दिशेनेही चूक होऊ शकते. अफू सुटताना प्रत्येक रुग्ण अस्वस्थ असतो, झोपेविना त्याचे चित्त थाऱ्यावर नसते, स्मरण मंदावते. त्या आठवड्यात कोणालाही एडीएचडीचे लेबल लावता येईल. म्हणून निर्णायक प्रश्न कालाचा आहे. २०१३ मध्ये सुधारलेल्या अमेरिकन निकषांनुसारही काही लक्षणे वयाच्या बारा वर्षांपूर्वीपासून असली पाहिजेत. व्यसनापूर्वी काय होते, ते बालपणापर्यंत मागे जाते काय, हे पाहावे. यासाठी रुग्णाच्या सांगण्यावर विसंबू नये. आई, थोरले भावंड, जुने प्रगतिपुस्तक यांचा आधार घ्यावा. कोकणात घराचा डॉक्टर पिढ्यान्‌पिढ्या तोच असतो. ही माहिती शहरातील तज्ज्ञाला मिळवावी लागते, आपल्याकडे ती चहाच्या कपाबरोबर चालत येते. आपले खरे बळ येथे आहे.

विचारावयाचे प्रश्नही अवघड नाहीत. शाळेत बाकावर बसवत असे का? वस्तू, किल्ल्या, कागदपत्रे नित्य हरवतात का? परवान्याच्या नूतनीकरणाची, हप्त्याची तारीख चुकते का? किती कामे धरली आणि का सोडली? लहान-मोठे अपघात किती झाले? समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधी उत्तर तोंडातून निघते का? यांतील बहुतेकांचे उत्तर होय असेल आणि ते बालपणापासून असेल, तर निदान आपण करू नये. संशय लिहून तज्ज्ञांकडे पाठवावे.

उपचाराच्या बाबतीत आपली मर्यादा आणि आपले स्थान दोन्ही स्पष्ट असावीत. अफूवर्गीय व्यसनात ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन यांसारखी औषधे प्राण वाचवितात. 'एक व्यसन सोडवून दुसरे लावले' असे आपण म्हणू नये. रुग्णाचे घर आपला शब्द प्रमाण मानते आणि औषध बंद करते. काही महिने अफू सुटली की शरीराची सहनशक्ती उतरते. मग जुन्या मात्रेत घेतलेली एकच मात्रा श्वास थांबवू शकते. व्यसनमुक्त होऊन घरी आलेल्या मुलाचा मृत्यू अनेकदा असाच होतो. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अहित सात्म्य पादांशिक क्रमाने सोडावे असे सांगितले आहे. एकाएकी सोडणे हितकर नाही, हे आपल्या आचार्यांना ठाऊक होते. आधुनिक उपचार दीर्घकाळ चालतो, त्याचा क्रम वेगळा आहे. पण घाई करू नये हा धडा दोन्हीकडे समान आहे.

एडीएचडीवरील औषधांबाबतही अवाजवी आशा नको. मेथाडोन घेणाऱ्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेथिलफेनिडेट वा ब्युप्रोपिऑन यांचा गुण नकली गोळीपेक्षा सरस ठरला नाही. तिन्ही गटांतील लक्षणे कमी झाली. नियमित भेट, समुपदेशन आणि शिस्तबद्ध दिनक्रम यांचा त्यात वाटा असावा असे मला वाटते. मेथिलफेनिडेट हे स्वतःच नियंत्रित द्रव्य आहे. व्यसनी रुग्णात ते द्यावे की अटोमॉक्सेटीनसारखे अनुत्तेजक औषध द्यावे हा निर्णय तज्ज्ञांचा. दोन्ही विकारांचा विचार एकाच वेळी व्हावा, एक बरा होईपर्यंत दुसरा थांबवू नये, एवढे आपण आग्रहाने सांगू शकतो.

मग आपण काय करावे? दिनचर्या हे आपले सर्वांत दुर्लक्षित औषध आहे. ठरलेल्या वेळी उठणे, अभ्यंग, जेवण, झोप, आणि औषध घरातील एका जबाबदार व्यक्तीच्या हाती, हे अवधान-न्यूनतेच्या रुग्णाला शब्दशः आधार देते. कारण आतून जी व्यवस्था होत नाही ती बाहेरून लावावी लागते. शिरोधारा, पादाभ्यंग यांचा झोपेसाठी उपयोग करावा. मेध्य रसायने सहायक म्हणून द्यावीत, मुख्य उपचाराच्या जागी नव्हे. यातही तीन सावधगिऱ्या आहेत. एक, आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्य असते. व्यसनातून बाहेर पडणाऱ्याला सारस्वतारिष्टाची बाटली देऊ नये, चूर्ण वा घृत द्यावे. दोन, सर्पगंधा, जटामांसी, तगर यांसारखी निद्राकर द्रव्ये ब्युप्रेनॉर्फिन वा मेथाडोनसह तज्ज्ञांना कळविल्याशिवाय देऊ नयेत. तीन, यष्टिमधु मेध्य रसायनांत असले तरी मोठ्या मात्रेत दीर्घकाळ दिल्यास शरीरातील पोटॅशियम कमी करते. मेथाडोन घेणाऱ्या रुग्णात त्यामुळे हृदयाची लय बिघडू शकते. आपले औषध निरुपद्रवी आहे असे म्हणणे म्हणजे ते निष्प्रभावी आहे असे म्हणण्यासारखेच आहे. ज्याला गुण आहे त्याला अवगुणही असणार.

औषधविक्रेते बंधूंना माझी विनंती स्वतंत्र आहे. ट्रामाडॉल, कोडीन आदी एच-१ परिशिष्टातील औषधांची नोंदवही आपण ठेवता, ती तीन वर्षे जपावी लागते. तशीच एक साधी वही अहिफेनयुक्त आयुर्वेदीय औषधांसाठी स्वेच्छेने ठेवावी. कोणता कल्प, कोणत्या वैद्याची चिठ्ठी, किती गोळ्या, कोणती तारीख. एकच माणूस आठवड्यातून दोनदा येतो हे वहीच सांगेल. त्याला नुसते परत पाठवू नये, कारण तो दुसऱ्या दुकानात किंवा महामार्गावरील ढाब्यावर जाईल. त्याला बाजूला घेऊन दोन शब्द बोलावे, आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ व मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे निःशुल्क दूरध्वनी क्रमांक लिहून द्यावेत. गल्ल्यावर बसणारा माणूस पुष्कळदा वैद्यापेक्षा आधी रोग पाहतो. विक्री थोडी घटेल हे मान्य. परंतु उद्या शासनाने या कल्पांवर सरसकट बंदी आणली, तर ज्या वैद्यांना त्यांचा खरा उपयोग करता येतो त्यांचेही हात बांधले जातील. अहिफेन टिकवावयाचे असेल तर त्यावर पहारा आपणच ठेवला पाहिजे.

शेवटचा मुद्दा संकोचाचा. रत्नागिरीत १८८६ पासून मनोरुग्णालय आहे. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ते एक. एवढी जुनी संस्था दाराशी असून तिचे नाव काढले की रुग्णाचे घर वरमते, आणि खरे सांगावयाचे तर आपणही चिठ्ठी लिहिताना कचरतो. रुग्ण दुरावेल, लोक काय म्हणतील, 'यांना जमले नाही' असे बोलले जाईल, ही भीती असते. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच, हे येथे आठवावे. त्या काळी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या मुलांना घेऊन शेकडो पालक त्या दारातून आत गेले. आत नेणारा माणूस विश्वासाचा असला की दाराची भीती वाटत नाही. कोकणातील खेड्यापाड्यांत तो माणूस आपण आहोत. 'तुम्हाला तेथे पाठवतो' असे म्हणण्याऐवजी 'आपण दोघे त्यांना दाखवू आणि नंतरही तुम्ही माझ्याकडे येत राहा' असे म्हटले, तर बहुतेक रुग्ण जातात. माझा रुग्ण असाच गेला.

त्याचे पुढे काय झाले हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. तो पूर्ण बरा झाला असे मी लिहिणार नाही. वहिनी रोज सकाळी त्याच्या हातावर गोळी ठेवते आणि भिंतीवरील दिनदर्शिकेवर खूण करते. मधल्या काळात एकदा घसरला, पण या वेळी दोन दिवसांत स्वतःहून सांगायला आला. रात्रीच्या फेऱ्या त्याने सोडल्या आहेत. कारणे अनेक असतील. मला त्यात एक महत्त्वाचे वाटते. आपण आळशी वा बेईमान नाही, आपल्याला एक नाव असलेला विकार आहे, हे त्याला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी प्रथम कोणीतरी सांगितले. त्याच्या भावालाही ते सांगितले गेले, आणि 'नाटक' हा शब्द त्या घरातून गेला.

आपल्या संघटनेच्या मासिक सभेत एखाद्या मनोविकारतज्ज्ञांना या विषयावर निमंत्रित करावे, आणि सभासदांसाठी छापल्या जाणाऱ्या रुग्णपत्रिकेत सात्म्य व सत्त्व हे दोन रकाने पुन्हा घ्यावेत, अशी माझी सूचना आहे. सात्म्यात रुग्ण काय काय घेतो ते लिहावे, चहा-तंबाखूपासून 'ताकदीच्या' गोळ्यांपर्यंत. सत्त्वात त्याचे मन लहानपणापासून कसे आहे ते लिहावे. यास प्रत्येक रुग्णामागे पाच मिनिटे अधिक लागतील. मी ती पाच मिनिटे वाचविली, त्याची किंमत माझ्या रुग्णाने मोजली. वैद्यबंधू-भगिनींनी याचा विचार करावा, एवढेच विनम्र निवेदन. इत्यलम्.